निर्गमनाचा परवाना

परदेशी नोकरीसाठी करावयाच्या अर्जाचा विषय निघाला की आपले लक्ष ज्या देशी जावयाचे त्या देशाच्या व्हिसाकडेच जाते. परंतु कोकणातून आखाताकडे निघालेल्या गवंड्याला, वेल्डरला किंवा खानसाम्याला त्याखेरीज आणखी एक परवाना मिळवावा लागे, आणि तो स्वतःच्याच सरकारचा असे, ही गोष्ट ज्यांच्या पारपत्रावर तसला शिक्का कधी उमटला नाही अशा सुशिक्षितांच्या सहसा गावीही नसते.

आखात मुंबईला परके कधीच नव्हते. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटाचा कारभार 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हुकमतीत चाले, आणि दुबई-कतारच्या बाजारपेठांत तर 1966 पर्यंत रुपयाच फिरत होता. 1973 साली तेलाचे भाव भडकले, तिकडे बंदरे, रस्ते आणि इमारती यांच्या कामांना ऊत आला, तेव्हा रत्नागिरी, खेड, चिपळूण, श्रीवर्धन या बाजूच्या घराघरांतून माणसे निघाली. पण त्यांच्या वाटेवर उभा असलेला 1922 चा निर्गमन कायदा गिरमिटाच्या, म्हणजे करारबद्ध मजुरीच्या, काळातील हालअपेष्टा स्मरून केलेला होता: अकुशल मजुरास सरकारने अधिसूचित केलेल्या देशांखेरीज अन्यत्र नेऊच नये, असा त्याचा रोख. 1967 साली सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच अंश ठरविला, त्याच वर्षी पारपत्राचा कायदाही झाला. तथापि मजुराचे स्वातंत्र्य आणि त्याचे संरक्षण यांची सांगड घालण्याचा प्रश्न राहिलाच, आणि 1983 च्या निर्गमन कायद्याने तो एका शिक्क्याने सोडविला. दलालांना नोंदणी सक्तीची झाली, आणि अल्पशिक्षितांच्या पारपत्रावर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) उमटले, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कचेरीतून मंजुरी आणल्यावाचून ठरावीक देशांत नोकरीसाठी प्रयाण नाही.

कचेरीपाशी पोहोचण्याआधीच अर्जदाराची खरी कसोटी लागून गेलेली असे. मुंबईतील एजंटाच्या माडीवर मुलाखत, एखाद्या आवारात भिंत चढवून अथवा सांधा जोडून दाखविण्याची 'ट्रेड टेस्ट', आणि मग मेडिकल. या तिसऱ्या पायरीची धास्ती सर्वांत मोठी. कारण बालपणी होऊन पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयाचा पुसटसा व्रण छातीच्या एक्स-रेत दिसला, तरी दिवसभर पोती वाहणारा धडधाकट माणूस 'अनफिट' ठरे, आणि घरातले दागिने गहाण टाकून उभी केलेली रक्कम तोवर एजंटाकडे पोहोचलेली असे. एजंट आगाऊ घेतलेले पैसे परत करीतच नसत असे नव्हे, पण वसुलीच्या खेपा घालण्यापेक्षा दुसरा व्हिसा निघेपर्यंत थांबणेच बहुतेकांना सोयीचे वाटे.

राज्यसंस्थेचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. करारनामा तपासणे, वेतनाची खातरजमा करणे, दलालावर अंकुश ठेवणे ही कामे कोणी तरी करावयास हवीच होती. परंतु संरक्षण कोणाला, हे शाळेच्या दाखल्यावरून ठरविल्यामुळे त्या संरक्षणाला कमीपणाचा वास लागला. 2018 च्या जानेवारीत अशा पारपत्रांना नारिंगी मुखपृष्ठ देण्याची तजवीज जाहीर झाली तेव्हा तो कमीपणा साऱ्यांच्या डोळ्यांत भरला, आणि टीकेचा भडिमार होताच त्याच महिन्याच्या अखेरीस ती मागे घेण्यात आली.

आता मंजुरीचे काम ई-मायग्रेट नावाच्या संगणकीय दफ्तरात चालते. मालकाची नोंद, करारनामा, विमा सारे तेथेच रुजू होते. दहावी उत्तीर्ण गवंड्याला मात्र या मंजुरीची गरजच नाही. म्हणून त्याच कफीलाकडे, म्हणजे आखाती मालकाकडे, त्याच बांधकामावर, त्याच उन्हात तो दहावी नापास सोबत्याबरोबर कामाला लागतो, पण त्याचा करारनामा इकडच्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेलेला असेलच असे नाही. आणि पगार थकला, तर दूतावासाच्या दारात कोणता कागद पुढे करावयाचा हे त्याचे त्यानेच पाहावयाचे असते.