माळवद, मनोरा आणि स्लॅब

आमच्या नांदेडकडच्या उमरीत अजून काही माळवदाची घरं उभी आहेत. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि वर हातभर माती. मृग लागायच्या आधी घरातलं कोणीतरी वर चढायचं, उंदरांची बिळं बुजवायचं, पन्हाळी मोकळी करायचं आणि नवी पांढरी माती अंथरून खाली उतरायचं. याला कोणी संवर्धन म्हणत नसे. कुरडया-पापडांसारखंच ते उन्हाळ्यातलं एक काम.

आमच्या भागाचं विद्यापीठ दोनदा बदललं. आधी हैदराबादचं उस्मानिया. ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून 1938 साली काढून टाकलेली मुलं नागपूरला जाऊन शिकली, ती याच विद्यापीठातली. तिथल्या कला महाविद्यालयाची ग्रॅनाइटची इमारत पुढच्याच वर्षी, 1939 साली खुली झाली. मग 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं आणि 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिघांत वडीलधारी इमारत दगडाची आहे. माझ्या मते यापुढे काळजी करावी लागेल ती धाकट्या, काँक्रीटच्या इमारतींची. का, ते कळायला आधी मुंबईला जावं लागतं.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि त्याच्या पायथ्याचं ग्रंथालय 1869 ते 1878 या काळात बांधलं गेलं. मनोरा 280 फूट उंच. नकाशे काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आपल्या आईचं. जवळपास एकशे चाळीस वर्षं समुद्राचा खारा वारा आणि रस्त्यावरचा धूर खाल्लेल्या या वास्तूची मोठी दुरुस्ती 2015 साली पुरी झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तिला सुमारे सव्वाचार कोटी रुपये दिले. वास्तुविशारद होत्या बृंदा सोमय्या आणि रंगीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांच्याकडे होतं. अशा काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या असतात. शिसं थकलं की खिडकी पोट काढते. मग एकेक तुकडा सुटा करायचा, धुवायचा आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचा. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. 2018 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

अशा दगडी इमारतीचा खरा शत्रू बरेचदा आधीचा दुरुस्ती करणाराच असतो. दगडांच्या दरजांत मूळचा चुना असतो. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं. कोणी तरी ‘पक्कं’ काम म्हणून त्या दरजांत सिमेंट भरतो. वाट बंद झाली की पाणी दगडातून बाहेर पडू बघतं, त्यातला क्षार आत गोठतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जाणते लोक पुन्हा चुन्याकडेच वळतात. गूळ, हिरडा, बेलफळ घालून घाणीत मळलेला चुना आमच्या आजोबांच्या पिढीला नवा नव्हता. आज मात्र तो मळणारा गवंडी शोधावा लागतो.

चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून. भट्टीत जो वायू सोडला, त्यातला बराचसा तो पुढच्या काही वर्षांत परत घेतो. सिमेंटला भट्टी लागते 1,450 अंशांची, आणि जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात या एका मालाचा वाटा सात-आठ टक्के आहे. उभी इमारत पाडून त्या जागी ‘हरित’ इमारत बांधणं मला दुभती म्हैस विकून दुधाची पिशवी लावण्यासारखं वाटतं.

आणि हाच कार्बन डायऑक्साइड स्लॅबच्या मुळावर येतो! चुना ज्याने कठीण होतो, त्याच वायूने काँक्रीटचा क्षारधर्म कमी होतो. तो कमी झाला की आतल्या सळईचं संरक्षण गेलं. मग ओल लागली की गंज चढतो, सळई फुगते आणि छताचे पोपडे खाली पडतात. वरून रंग मारल्याने हे थांबत नाही. हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा शोधाव्या लागतात, सैल काँक्रीट काढून सळई घासावी लागते आणि पुन्हा भरावं लागतं. शिवाय माळवदाची माती ऊन वरच्या वर अडवायची, उघडा स्लॅब ते दिवसभर पितो आणि रात्री खोलीत सोडतो. गच्चीला पांढरा लेप आणि पश्चिमेच्या खिडक्यांना सावली, एवढ्यानेही पंख्याखालचा मे महिना सुसह्य होतो.

मुंबईत तीस वर्षं झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. आमच्या नांदेडच्या विद्यापीठानेही 2024 साली तिशी ओलांडली. पुढच्या खेपेला विष्णुपुरीच्या त्याच्या आवारात गेलो की तिथल्या एखाद्या शिपायाला विचारणार आहे: मृगाच्या आधी गच्चीवर कोण चढतं?