शिंका केसांमुळे येत नाहीत

‘पूडल घ्या, केस गळत नाहीत, शिंकांची भानगडच नाही,’ असं विकणारे छातीठोकपणे सांगतात. पण नाक चिडतं ते केसांवर नव्हे, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांवर. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, त्वचेचा बारीक कोंडा सुटतो. त्याबरोबर ही प्रथिनं हवेत तरंगतात, सोफ्यात, गाद्यांत मुरतात. केस हा नुसता हमाल. हमाल कमी केले म्हणून माल तयार व्हायचा थांबत नाही.

लॅब्राडूडल याच अडचणीतून जन्मला. हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला ॲलर्जी. ऑस्ट्रेलियात मार्गदर्शक कुत्र्यांची पैदास पाहणाऱ्या वॉली कॉनरन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला आणि तीन पिल्लांचे केस व लाळ हवाईला धाडली. नवऱ्याला सोसला तो एकच, सुलतान. सख्खी भावंडं, तरी एवढा फरक! बाजाराने मात्र लक्षात ठेवलं ते जातीचं नाव.

तेव्हा जात नव्हे, घरी आणायचा तोच कुत्रा पारखा. ॲलर्जी असलेल्या माणसाने त्याच्याबरोबर तीन-चारदा तासभर बसून पाहावं. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. ॲलर्जी आणणारं एक प्रथिन मात्र लाळेत किंवा त्वचेत नव्हे, फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनतं. ॲलर्जी तेवढ्यापुरतीच आहे असं रक्ततपासणीत दिसलं, तर मादी चालू शकते. आंघोळीने प्रथिनं धुतली जातात खरी, पण काही दिवसांत पुन्हा साचतात. म्हणजे आठवड्यातून दोनदा न्हाऊ घालायची तयारी हवी.