चिंगमच्या डोक्यावरचा नारळ

शाळा सुटली की आमच्या दिग्रसच्या घरात ‘मोटू पतलू’ लागते. मुंबईच्या कॉसमॉस-माया कंपनीने तयार केलेली ही मालिका २०१२ पासून मुलांच्या ओठांवर आहे. तिच्यातला इन्स्पेक्टर चिंगम रुबाबात हवेत गोळी झाडतो आणि वरून नारळ पडतो तो त्याच्याच डोक्यावर. मुले खो-खो हसतात. खरे सांगायचे तर आम्हीही हसतो.

असा गोंधळ्या पोलीस कार्टूनमध्ये फार जुना आहे. १९६३ च्या ‘द पिंक पँथर’ या चित्रपटात पीटर सेलर्स यांनी फ्रेंच इन्स्पेक्टर क्लूझो रंगवला. त्याच धर्तीवर अमेरिकेत ‘द इन्स्पेक्टर’ ही कार्टूनपटांची मालिका निघाली. डिसेंबर १९६५ मधल्या तिच्या पहिल्या भागात एका मौल्यवान हिऱ्याची राखण इन्स्पेक्टरकडे असते आणि एकाच धडावर तीन डोकी असलेले चोर त्याला हैराण करतात. १९६९ पर्यंत असे ३४ छोटे चित्रपट आले. गंमत सगळीकडे एकच: स्वतःला फार हुशार समजणारा साहेब तोंडघशी पडतो.

मोठेपणाचा फुगा फुटला की हसू येणारच. त्यात वाईट काही नाही. पण या कार्टूनमध्ये आणखी एक गोष्ट आहे. इन्स्पेक्टरच्या हाताखालचा सार्जंट दू-दू स्पॅनिश आहे. तो ‘हो’साठी आपल्या भाषेतले ‘सी’ म्हणतो आणि साहेब त्याला दर वेळी दटावतो, ‘वुई’ म्हण! आपला चिंगमही दाक्षिणात्य ढंगाचे हिंदी बोलतो आणि मुले नारळाइतकीच त्या बोलण्यालाही हसतात.

आमची मुलेही चिंगमची नक्कल करत. आम्ही ते कौतुकाने पाहत होतो. मग एके दिवशी मधला मुलगा शाळेतून आला तो गप्पच. जेवलाही नाही. रात्री त्याने अम्मीला सांगितले, “आज मी वर्गात ‘मेरेकू येत नाही’ बोललो, सगळे हसले. आता मी हात वर करणार नाही.”

आम्हाला काही सुचेना. घरातली उर्दू आणि शाळेतली मराठी लेकराच्या जिभेवर एकत्र येते, यात त्याचा काय गुन्हा? आणि हे फक्त आपल्याच मुलांच्या वाट्याला येते असेही नाही. आमच्या शेजारची ‘मले-तुले’ म्हणणारी वऱ्हाडी पोरे पुण्याला शिकायला जातात, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागते.

सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत बजावले आहे की कुणी कुणाची टर उडवू नये. ज्याला हसतो तो आपल्यापेक्षा बरा असू शकतो. ही आयत आम्ही अनेकदा वाचली होती. टीव्हीसमोर बसताना मात्र ती आठवली नव्हती.

आम्ही कार्टून बंद केले नाही. सोबत बसून पाहू लागलो. नारळ पडला की सगळे मिळून हसतो. मुलांनी बोलण्याची नक्कल केली की विचारतो, “तो पडला म्हणून हसलास, की तो वेगळे बोलतो म्हणून?”

परवा धाकट्याने पुन्हा चिंगमची नक्कल सुरू केली. आम्ही काही बोलण्याआधीच मधला म्हणाला, “नको रे. त्याच्या शाळेत त्यालाबी हसले असतील.”