समाजमाध्यमे, खुला डेटा आणि मीरा-भाईंदरचा नागरिक: काही रूढ गैरसमज

मीरा-भाईंदर महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत आठ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. एवढ्या लोकसंख्येचा शासनाशी असलेला दैनंदिन संबंध आता मोठ्या प्रमाणावर समाजमाध्यमे आणि शासकीय संकेतस्थळे यांच्याद्वारे येतो. या संबंधाविषयी रुजलेल्या काही समजुतींमुळे नागरिकाचा प्रत्यक्ष हक्क बुडू शकतो, म्हणून त्या वस्तुस्थितीशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

महानगरपालिकेच्या खात्याला उद्देशून संदेश लिहिला की तक्रार दाखल झाली, ही समजूत सर्वांत व्यापक आहे. असा संदेश प्रशासनाचे लक्ष वेधतो आणि कित्येकदा कामही लवकर होते. तथापि ज्या नोंदीला क्रमांक, जबाबदार अधिकारी आणि मुदत नाही, तिच्या आधारे पुढे दाद मागणे कठीण जाते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांच्या बाबतीत, म्हणजे ज्या सेवा मुदतीत देण्याचे शासनाने जाहीर केले आहे त्यांच्या बाबतीत, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम व द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग अशी उतरंड आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही उतरंड विहित अर्ज आणि त्याची पोच यांपासून सुरू होते, समाजमाध्यमावरील संदेशापासून नव्हे. रस्त्यावरील खड्डा किंवा साचलेला कचरा ही मात्र अधिसूचित सेवा नसून गाऱ्हाणे आहे, आणि त्यासाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळाचा स्वतंत्र तक्रार विभाग किंवा महानगरपालिकेची तक्रार नोंदवही हा मार्ग आहे.

शहरातील प्रत्येक अडचणीला महानगरपालिकाच उत्तरदायी आहे, हे गृहीतकही याच समजुतीला चिकटून येते. मीरा-भाईंदरला पाणी प्रामुख्याने स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ या स्वतंत्र यंत्रणांकडून मिळत आले आहे. काशिमीऱ्यातून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, मेट्रो मार्गिका ९ चे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, तर मीरा रोड आणि भाईंदर ही स्थानके पश्चिम रेल्वेकडे आहेत. त्यामुळे अनेक संदेश अनुत्तरित राहण्याचे कारण अनास्था असतेच असे नाही. संदेश चुकीच्या दारी गेलेला असतो. कोणते काम कोणत्या यंत्रणेचे आहे, याची साधी सारणी महानगरपालिकेने आपल्या प्रत्येक खात्यावर कायमस्वरूपी ठेवली, तर शेकडो सूचनाचित्रांहून ती अधिक उपयोगी पडेल.

पोलिसांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून कार्यरत झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय समाजमाध्यमांवर सक्रिय असले, तरी केवळ तेथे मजकूर लिहिल्याने गुन्हा नोंदला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, परंतु देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी केल्यावरच ती अभिलेखावर घेतली जाते. गुन्हा दहिसर हद्दीत घडला की मीरा रोडच्या, या कारणावरून मात्र अशी खबर नाकारता येत नाही.

शासकीय संकेतस्थळावर जे दिसते ते सर्व खुला डेटा होय, हा दुसरा मोठा गैरसमज. केंद्र शासनाच्या २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणानुसार खुला डेटा म्हणजे संगणकाला थेट वाचता येईल अशा स्वरूपातील, पुन्हा वापरण्याची परवानगी असलेली माहिती. २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र परवानाही जाहीर झाला. पाणीपुरवठा बंद राहण्याची सूचना चित्ररूपात प्रसृत केली की ती त्या दिवसापुरती उपयोगी ठरते. परंतु वर्षभरात कोणत्या भागाला किती तास पाणी मिळाले नाही हे त्या चित्रांवरून सहजी काढता येत नाही, आणि प्रशासनाला विचारण्याजोगा खरा प्रश्न नेमका तोच असतो.

आकडेवारी केवळ तज्ज्ञांच्या कामाची, असे मानणाऱ्यांसाठी मीरा-भाईंदरमध्ये सर्वांत ठोस प्रत्युत्तर घरखरेदीचे आहे. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर नकाशे, ताबा देण्याची मूळ व सुधारित तारीख आणि जमिनीवरील दावे यांची माहिती विनामूल्य पाहता येते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत तेथे पोहोचवणारा क्यूआर कोड छापणे विकासकावर बंधनकारक आहे. आयुष्यभराची बचत घरात घालणाऱ्या कुटुंबाने ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली गेली एवढे जरी पाहिले, तरी जाहिरातीतील आश्वासनाची परीक्षा होते. तथापि महारेरा क्रमांक म्हणजे शासनाची हमी नव्हे. ही माहिती विकासक स्वतः भरतो, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही.

शासनाच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावरून विनामूल्य छापलेला सातबारा पुरावा म्हणून चालतो, हा समज राई, मुर्धे, उत्तन यांसारख्या गावांतील जमीनधारकांना महागात पडू शकतो. ती प्रत केवळ माहितीसाठी असते. कायदेशीर कामासाठी शुल्क भरून मिळणारी डिजिटल स्वाक्षरीची प्रत लागते.

खुल्या डेटामुळे खासगी माहिती उघड होते, ही भीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. उपरोक्त धोरणातून वैयक्तिक माहिती वगळलेली आहे; धोका उलट दिशेने येतो, कारण तक्रार करताना नागरिक स्वतःच आधार क्रमांक किंवा वीजबिल सार्वजनिक करतो आणि अधिकाऱ्याच्या नावाने संपर्क साधणाऱ्या भामट्याला आयते साधन मिळते. अशा फसवणुकीत पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवणे आवश्यक असते, कारण रक्कम पुढील खात्यांत वळण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते.

प्रशासनाने जे प्रसिद्ध केले नाही ते मिळतच नाही, असेही मानण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन माहिती प्रकट करावयाची आहे. तसे न झाल्यास १० रुपये शुल्काच्या अर्जाने ती मागता येते आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याहून कमी परिचित आहे ते कलम ७(९). माहिती ज्या स्वरूपात मागितली आहे त्याच स्वरूपात ती सामान्यतः द्यावी, असे ते सांगते. अपवाद आहेत ते अशा स्वरूपात माहिती देताना प्राधिकरणाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल किंवा अभिलेखाला हानी पोहोचेल तेवढेच. म्हणून पाणीपुरवठा खंडित झाल्याच्या तारखा, वेळ आणि प्रभाग कार्यालयाच्या संगणकावर सारणीत असतील, तर अर्जदाराने छापील पानांऐवजी ती सारणीच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागावी आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे.