बैलांच्या पाठीवरची लढाई

१७७८च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीची फौज रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघाली. पनवेलला उतरायचं आणि बोरघाट चढून पुणं गाठायचं, असा बेत. लढणारी माणसं चार हजारांच्या आत. तोफा, दारूगोळा आणि दाणागोटा वाहायला बैल मात्र सुमारे १९ हजार. एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल पडत होते. हा लवाजमा कधी दिवसाला मैल-दोन मैल सरकायचा. जानेवारीत इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून टाकलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची तयारी होती. इंग्रज मागे फिरले, वडगावला कोंडले गेले आणि तिथे त्यांना तह करावा लागला.

पाठ्यपुस्तकात वडगावचा विजय महादजी शिंद्यांच्या डावपेचांचा म्हणून येतो, आणि तो आहेच. पण त्या डावपेचांचं लक्ष्य काय होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. मराठ्यांनी शत्रूचा दाणा-वैरणीचा मार्ग तोडला. दख्खनची युद्धं तलवारीइतकीच बैलाच्या पाठीवर लढली गेली. त्या बैलांमागून चालणाऱ्या माणसांना मात्र आपल्या इतिहासात तळटीपेपुरती जागा मिळाली.

ती माणसं म्हणजे बंजारे, लमाण, वंजारी. आज बंजारा आणि वंजारी हे वेगळे समाज आहेत. शासनाच्या यादीतही बंजारा विमुक्त जातींत आणि वंजारी भटक्या जमातींच्या ‘ड’ गटात येतात. जुन्या इंग्रजी कागदांत मात्र दोघांची सरमिसळ सर्रास आहे. लिहिणाऱ्याला माणसापेक्षा त्याचा बैल महत्त्वाचा वाटत होता, असं त्या नोंदी वाचताना मला सारखं जाणवतं.

बंजाऱ्यांची लदेणी, म्हणजे बैलांवरची मालवाहतूक, कशी चालायची, हे कळल्याशिवाय त्यांचं युद्धातलं स्थान उमगत नाही. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी, त्यांत धान्य किंवा मीठ. तांडा दिवसाला सहा-सात मैलच चालायचा, कारण बैल वाटेत चरत जायचे. गती कमी होती, पण चाऱ्याला पैसा पडत नव्हता, म्हणून वाहतूक स्वस्त पडायची. गाईही सोबत असायच्या, त्यामुळे बैलांची पैदास तांड्यातच व्हायची. पावसाळ्याचे चार महिने चांगलं कुरण बघून मुक्काम. हुकूम नायकाचा. बायकापोरं, कुत्री, सगळा संसार वाटेवर. एक बैल देवाला सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझं कधी घालत नसत, आणि तो बसला की तांडा थांबायचा. सतराव्या शतकात इंग्रज प्रवासी पीटर मंडीला उत्तरेत १४ हजार बैलांचा तांडा भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निए लिहितो, की असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर तो पुरता निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावं लागायचं.

कल्याणचं महत्त्व याच वाहतुकीतून उभं राहिलं. उल्हास नदीच्या खाडीवरचं हे बंदर नाणेघाट, माळशेज, थळघाट आणि बोरघाट या वाटांच्या पायथ्याशी पडतं. घाटावरून धान्य खाली यायचं आणि किनाऱ्यावरचं मीठ वर जायचं. नाणेघाटातली सातवाहनांची लेणी आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहिला, की ही वाट किती जुनी आहे ते कळतं. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि १७८० मध्ये कल्याण इंग्रजांच्या हाती गेलं. प्रत्येक वेळी किल्ल्यासोबत पायथ्याची ही बाजारपेठही हातात येत होती. १७८१ मध्ये इंग्रजांचा जनरल गॉडर्ड बोरघाटात अडकला, तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धनांनी पनवेलहून त्याच्याकडे निघालेल्या रसदेवरच झडप घातली. घाट उतरून परतताना गॉडर्डची फार हानी झाली.

दहा वर्षांनी उलटं चित्र दिसलं. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला आणि उपाशी पडला. बैल मरत होते, म्हणून वेढ्याच्या जड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. वाटेत त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंची मराठी फौज भेटली. त्या फौजेबरोबरच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सगळं विकायला होतं, आणि इंग्रज शिपाई ते डोळे विस्फारून पाहत राहिले. मराठी लष्कराची ही ताकद सरकारी कोठारातून येत नव्हती. ती व्यापाऱ्यांच्या आणि तांड्यांच्या भरवशावर उभी होती. इंग्रज धडा शिकले. पुढच्या मोहिमेआधी कॅप्टन अलेक्झांडर रीडकरवी त्यांनी बंजाऱ्यांचे तांडे जमवले, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला तह करावा लागला. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने आधी अहमदनगर घेतलं आणि मग असईची लढाई जिंकली. त्याच्या पत्रांतून तोफांइतकीच बैलांची आणि बंजाऱ्यांची काळजी डोकावते. पनवेलला रसदेचा साठा, घाटातून बैलांची ये-जा, हे सगळं तो स्वतः बघत होता.

बंजारे कोणत्या बाजूचे होते? कोणत्याच नाही, आणि त्यांना तशी मुभा होती. ज्याचा दाणा संपला त्याला ते धान्य विकायचे. दोन्ही सैन्यं त्यांना सहसा लुटत नसत, कारण आज लुटलेला तांडा उद्या फिरकणार नाही. तांड्याकडे स्वतःची हत्यारंही असायची आणि वेळ पडली तर बायकाही लढायच्या. समाजात एक आख्यायिका सांगतात, तीही याच व्यवहाराकडे बोट दाखवते. शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनवर आला, तेव्हा भंगी आणि जंगी या नायकांचे एक लाख ८० हजार बैल त्याच्या सेवेत होते. त्याने त्यांना ताम्रपट दिला: लोकांच्या रांजणातलं पाणी आणि छपराचं गवत घ्यायची मोकळीक, वर रोजचे तीन खून माफ. ताम्रपट खरा की खोटा, या वादापेक्षा त्यातली कबुली मोलाची आहे. भुकेलं सैन्य घेऊन निघालेला सत्ताधीश वाटेवरच्या माणसाला काहीही द्यायला तयार होतो. त्याची किंमत वाटेवरची गावं मोजतात, हेही त्याच कबुलीत आहे. ज्यांच्या रांजणातलं पाणी गेलं, त्या गावकऱ्यांची आख्यायिका कुणी जपलेली नाही.

सत्ता, पशुपालक आणि वाटेवरची गावं यांचं हे नातं लिहिताना डोळ्यांपुढे सुदान येतो. तिथल्या दारफूर प्रांतातले रिझैगात हे अरब पशुपालक. दक्षिणेकडचे गुरं पाळतात, त्यांना बग्गारा म्हणतात. उत्तरेकडचे उंट पाळतात. जुन्या सुलतानी व्यवस्थेत दक्षिणेकडच्यांना स्वतःचा मुलूख मिळाला, उत्तरेकडच्या उंटवाल्यांना मिळाला नाही. त्यांचा हक्क होता तो वाटांवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलखातून हंगामानुसार जाण्या-येण्यावर. १९८३-८५च्या दुष्काळात कुरणं करपली. शेतकऱ्यांनी कुंपणं घातली, वाटा आवळल्या. त्याच दशकात लिबिया-चाडच्या भांडणातून बंदुका दारफूरमध्ये आल्या आणि खार्टूमच्या सरकारांनी देशाच्या दक्षिण भागातल्या बंडखोरांविरुद्ध बग्गारा टोळ्यांना शस्त्रं दिली. २००३ मध्ये दारफूरमध्येच बंड झालं, तेव्हा सरकारने तोच मार्ग पुन्हा धरला. जंजावीद या नावाने जगाला कळलेल्या टोळ्यांत भूमिहीन उंटपाळांची पोरं मोठ्या संख्येने होती. गावं जळली, फुर, मसालित आणि झगावा लोकांची कत्तल झाली, लाखो माणसं देशोधडीला लागली. २०१३ मध्ये याच टोळ्यांना ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे सरकारी नाव मिळालं. १५ एप्रिल २०२३ला ही फौज आपल्याच देशाच्या लष्कराशी भिडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफूरमधलं अल फाशिर शहर तिच्या हाती पडलं.

यावरून ‘अरब पशुपालक म्हणजे मारेकरी’ असं म्हणणं घोर अन्याय ठरेल. २००३ मध्ये दक्षिण रिझैगातांचे नाझिर, म्हणजे प्रमुख, सईद मादिबो यांनी सरकारच्या या युद्धात उतरायला नकार दिला. त्यांच्या लोकांकडे स्वतःचा मुलूख होता, शेजाऱ्यांशी जुने करार होते. एकाच जमातीतल्या या दोन शाखांचा फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. ज्याची जमीन आणि वाट शाबूत होती, त्याला नाही म्हणणं परवडलं. ज्याची वाट बुजली होती, त्याच्या हातात सरकारने बंदूक ठेवली आणि दुसऱ्याची जमीन दाखवली.

आपल्याकडे वाट बुजली ती वेगळ्या रीतीने. बोरघाटाची वाट तोफा जाण्याजोगी केली ती वेलस्लीनेच, १८०४ मध्ये. १० नोव्हेंबर १८३०ला गव्हर्नर माल्कमने तिथे गाड्यांचा रस्ता खुला केला. १८५३च्या एप्रिलात आगगाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ला कल्याणला. मग १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रुळांनी पार झाला. कल्याण जंक्शन झालं, आणि गोणी लादलेल्या बैलाला हजार वर्षं जे काम होतं ते बारा वर्षांत संपलं. पाठोपाठ वनकायदे आले. ठाणे-कुलाब्यातल्या लोकांच्या चराई-लाकूडफाट्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती’ कायदा आला आणि वेगवेगळ्या प्रांतांत बंजारा-लमाणांचे गटही पुढे त्याच्या कचाट्यात सापडले. ज्यांना वेलस्लीने सरकारचे सेवक मानलं, त्यांच्याच वंशजांना हजेरी लावायला चौकीवर बोलावणं, ही त्या राज्याची कृतघ्नता होती. तो शिक्का कागदावरून पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ला.

१८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वंजारी येतात ते वाहतुकीचा धंदा गमावून शेती-मजुरीला लागलेले लोक म्हणून. बंजारा आणि वंजारी समाजांनी पुढे स्वतःला उभं केलं, हे निर्विवाद. बंजारा समाजातले वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, पुढे सुधाकरराव नाईकही झाले. पण आजही मराठवाडा-विदर्भातल्या तांड्यांतून निघालेली कुटुंबं कल्याण-डोंबिवलीच्या मजूर नाक्यांवर आणि बांधकामांवर सकाळी उभी असतात. त्यांच्या पूर्वजांनी ज्या वाटेने मीठ वर नेलं, त्याच वाटेने ती माणसं आता हात विकायला खाली येतात. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यात आमणेला संपतो, तेही त्याच जुन्या पायथ्याशी. सभोवार भिवंडीची गोदामं आहेत. मालाची वाट आजही तीच आहे, फक्त पशू आणि पशुपालक तिच्यावर उरले नाहीत.

अगदीच उरले नाहीत असं मात्र नाही. नगर-पुण्याकडचे धनगर आजही भातकापणीनंतर माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडीच्या शिवारात मेंढरं घेऊन येतात. शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. हा शेतकरी आणि पशुपालक यांच्यातला शतकांचा सलोखा आहे, दारफूरमध्ये जो मोडला तोच. पण शिवारांचे प्लॉट झाले, वनखात्याच्या हद्दी आवळल्या, आणि हमरस्त्यावर कळप न्यायचा म्हणजे भरधाव ट्रकांतून जीव मुठीत धरून चालायचं. चराईवरून गावाशी होणारी भांडणं अजून काठी आणि पोलीस ठाण्यापर्यंतच आहेत.

ती तिथेच मिटवायला कायदा हाताशी आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१)(ड) मध्ये, चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. अट अवघड आहे ती अनुसूचित जमातीत नसलेल्यांसाठी. तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा त्यांना द्यावा लागतो, आणि सतत हिंडणाऱ्या माणसाकडे सातबारा नसतो. तरीही कागद आहेत. गॅझेटियरमध्ये एकेका घाटाची नोंद आहे, बैल कुठून चढायचे, जकात कुठे होती. वन आयोगाच्या अहवालात चराईच्या तक्रारी आहेत. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या ग्रामसभांनी, पिढ्यानपिढ्या मेंढरं बसवून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या जबान्या जोडून, माळशेजपासून कल्याणपर्यंतची एक तरी वाट या कलमाखाली नोंदवून घ्यावी. पुढची विकास योजना आखली जाईल तेव्हा ती नकाशावर असली पाहिजे.