नाटकवाल्यांचा सिनेमा

दिग्दर्शक नाटकातून आलाय एवढं कळलं की आपला प्रेक्षक पडद्यावर नाटक हुडकू लागतो. पात्रं जरा जास्त बोलली की 'नाटकी', चार माणसं ओळीनं उभी राहिली की 'रंगमंचीय'. आमच्या नाशकातल्या सिनेअभ्यासकांना तर ही खोड फारच. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे, आणि तो या अंकातही मिटायचा नाही.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना आणलं ते नाटक मंडळीतून. पुढे सिनेमावर रुसून काशीला गेले, तर तिथं नाटकच लिहीत बसले. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) कॅमेरा बऱ्याचदा एका जागी उभा असतो आणि माणसं चौकटीत येतात-जातात. लगेच निवाडा : 'शेवटी नाटकवालाच!' अहो, फाळक्यांचा कॅमेरा तरी कुठं धावत होता?

मग बोलपट, प्रभात, अत्रे. त्यावर पुष्कळ छापून आलंय, पुढे जाऊ.

माझा जीव अडकलाय तो जब्बार पटेलांत. १९७२च्या डिसेंबरात त्यांनी बसवलेलं 'घाशीराम कोतवाल' नाटक आलं आणि १९७५ साली त्यांचाच चित्रपट 'सामना' बर्लिनच्या स्पर्धेत पोचला. त्यामुळे मारुती कांबळेचं काय झालं, हा 'सामना'तल्या मास्तरांचा पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न ऐकून विद्वानांना घाशीरामातली ब्राह्मणांची रांग आठवली. पण दोन्ही संहिता तेंडुलकरांच्या. त्या पुनरुक्तीचं श्रेय द्यायचंच तर तिकडे द्या. जब्बारनं रंगभूमीवरून आणलं ते वेगळंच. त्यानं अभिनयाच्या दोन जाती समोरासमोर बसवल्या. हिंदुरावाच्या भूमिकेत लोकनाट्यात मुरलेले निळू फुले आणि मास्तरांच्या भूमिकेत गद्य रंगभूमीवरचे डॉ. लागू. वगात निळूभाऊंना डोक्यावर घेतलेला प्रेक्षक आधी हिंदुरावाच्या बाजूनं हसतो. मास्तरांचे नेमके, तोलून टाकलेले शब्द त्याला परके वाटतात. आपण कोणाच्या बाजूनं हसलो हे ध्यानात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. कोणत्या नटाला प्रेक्षक कुठं ओळखतो, हे नाटक बसवणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं.

'सिंहासन' (१९७९) निनावी फोननं सुरू होतो. फोनवर बोलणाऱ्या पात्राच्या चेहऱ्यावरून पलीकडचं ताडायची सवय मराठी माणसाला नाटकानंच लावलेली. त्या सवयीवर अख्खं मंत्रिमंडळ हलवून दाखवलंय! 'उंबरठा'वर सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही.

विजयाबाई मेहतांची गोष्ट याहून अवघड. दळवींचं 'बॅरिस्टर' त्यांनी रंगमंचावर केलं आणि त्याचाच 'रावसाहेब' (१९८६) हिंदीत केला. मावशीच्या भूमिकेत दोन्हीकडे त्या स्वतःच. चित्रपटातल्या त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारही. 'चित्रित केलेलं नाटक' म्हणणाऱ्यांनी त्यातला वाडा पाहिलाच नाही. नाटकात मावशी गप्प कोपऱ्यात असली तरी मी तिच्याकडे पाहू शकतो. पडद्यावर ती मुभा बाईंच्या हातात. ती मुभा आपल्याकडून काढून कधी घ्यायची, हे बाईंइतकं कोणाला कळणार?

उलटा दाखलाही आहे. १९७६चा 'घाशीराम' चित्रपट जब्बारनं केलेला नाही. तो मणी कौल, हरिहरन वगैरे फिल्म इन्स्टिट्यूटच्या मंडळींचा. बरेच नट थिएटर अकादमीचेच. त्याला मात्र कोणी नाटकी म्हणत नाही. म्हणजे आपण चित्रपट बघतो की दिग्दर्शकाचा दाखला?

आता तर उलटीच तऱ्हा. पूर्वी जे दूषण होतं ते जाहिरातीत झळकतं. मांजरेकरही नाटकातलेच. त्यांचा 'नटसम्राट' २०१६च्या पहिल्याच दिवशी लागला आणि शिरवाडकर आमच्या गावचे म्हणून आम्ही घोळक्यानं गेलो. स्वगत सुरू झालं की मागची रांग ते सोबत म्हणत होती. बाहेर आल्यावर लागू थोर की नाना, यावर कॉलेज रोडला चहा गार होईपर्यंत जुंपली. विक्रम गोखल्यांचा रामभाऊ शिरवाडकरांच्या नाटकात नाहीच. तो मांजरेकरांनी कशाला आणला असेल, हे एकाही पठ्ठ्यानं विचारलं नाही.