पस्तीस किलोमीटरचा खर्च

1860 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूरला पोचला, पण बार्शीला बाजूला ठेवून. बार्शीच्या नावाने जे स्टेशन उभं राहिलं ते ‘बार्शी रोड’, म्हणजे आजची कुर्डुवाडी. तिथून गावात यायचं तर पस्तीसेक किलोमीटर बैलगाडीची वाट. बार्शी तेव्हाही मोठी पेठ होती. बालाघाटाच्या डोंगरापलीकडे निजामाचा मुलूख सुरू व्हायचा आणि तिकडचा कापूस, तेलबिया, धान्य गाड्या भरभरून इथे उतरायचं. इथे सौदे व्हायचे, आणि माल पुढे मुंबईकडे निघायचा.

बैलगाडी चांगल्या रस्त्यानेसुद्धा दिवसाला फार तर तीस किलोमीटर जाते. म्हणजे बार्शीहून स्टेशन गाठायलाच दिवसापेक्षा जास्त वेळ लागे. स्टेशनपासून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढं अंतर आगगाडी एका दिवसाच्या आत काटू शकत होती. व्यापाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात लहान टप्पाच सगळ्यात महाग पडत होता. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की तो आणखी महागायचा.

हे दुखणं ज्याने नेमकं ओळखलं त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीसाठी भारतात आला. मोठ्या रेल्वेला मिळणाऱ्या छोट्या फाट्यांचा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता आणि बार्शी त्याला त्यासाठी योग्य वाटली. परवानग्या आणि भांडवल गोळा करण्यात वर्षांमागून वर्षं गेली. अखेर 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. रुळांमधलं अंतर होतं फक्त अडीच फूट.

अरुंद रुळांच्या स्वस्त रेल्वे त्याआधीही अनेक ठिकाणी झाल्या होत्या. कॅलथ्रॉपचं वेगळेपण होतं ते एका आकड्यात: प्रत्येक आसावर पाच टन. रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, सगळ्यात जड आसाखाली किती भार येतो यावर ठरतं. इंजिनाचा एकच आस जड असला तरी त्याच्यासाठी संपूर्ण मार्गभर जाड रूळ टाकावा लागतो, आणि हलक्या डब्यांखाली ती ताकद फुकट जाते. म्हणून कॅलथ्रॉपने इंजिन, मालडबा, प्रवासी डबा या सगळ्यांना एकच मर्यादा घालून दिली. लीड्सच्या किटसन कारखान्याने आठ जोडचाकांची इंजिनं बनवली, म्हणजे वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं जाईल. डब्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे, एकाच लांबीचे. त्यामुळे डब्याचं स्वतःचं वजन कमी झालं आणि माल जास्त मावू लागला. यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोच्या हलक्या रुळावरून भरपूर माल जाऊ लागला. गाड्या भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता मार्ग टाकून त्यांची चाचणीही घेतली गेली.

नेतृत्व म्हटलं की आपल्याला भाषणं आणि घोषणा आठवतात. इथे नेतृत्व होतं ते नेमका कुठला आकडा धरून ठेवायचा हे ठरवण्यात, आणि तो रूळ टाकणाऱ्यापासून इंजिन बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाळायला लावण्यात.

पुढे मार्ग दोन्ही बाजूंना वाढत गेला. 1906 मध्ये पंढरपूर जोडलं गेलं आणि वारकऱ्यांची गर्दी या छोट्या गाडीला मिळाली. 1911 मध्ये रूळ लातूरला पोचले, 1927 मध्ये मिरजेला. लातूर ते मिरज मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा हा मार्ग झाला. एकेकाळी लोहमार्गाचं टोक असलेली बार्शी आता मधलं स्टेशन झाली होती. जो माल पूर्वी डोंगर उतरून इथेच थांबायचा, त्याला आता लातुरातच गाडी मिळू लागली.

रेल्वेने अशा मुलखाचं नेमकं किती भलं केलं, हा प्रश्न भारतात दादाभाई नौरोजींच्या काळापासून वादाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन जिल्ह्यांच्या जुन्या नोंदी वर्षानुवर्षं चाळून त्याचं मोजमाप केलं. त्यांचा शोधनिबंध 2018 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतूक किती स्वस्त झाली हे पाहायला त्यांनी मीठ निवडलं. ठरावीक आगरातलं मीठ दूरदूरच्या जिल्ह्यांत विकलं जाई, म्हणून आगरातला भाव आणि बाजारातला भाव यांतल्या फरकावरून मधल्या वाटेचा खर्च काढता येत होता. निष्कर्ष असा निघाला की जिल्ह्यात रेल्वे आली की तिथलं शेतीचं खरं उत्पन्न सरासरी सोळा टक्क्यांनी वाढलं.

पण रेल्वे मुळात भरभराटीच्या भागातच टाकली गेली असेल तर? ही शंका फेडण्यासाठी डोनाल्डसन यांनी कागदावर आखलेले पण कधीच न झालेले मार्ग तपासले. तशा आराखड्यांतल्या जिल्ह्यांत उत्पन्नाची ही वाढ दिसली नाही. फरक पडला तो प्रत्यक्ष रूळ पडले तिथेच. रॉबिन बर्जेस यांच्यासोबत त्यांनी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: रेल्वे आल्यावर पाऊस हुकण्याचा आणि दुष्काळी मृत्यूंचा संबंध सैल झाला. बार्शीची गाडी सुरू झाली तो काळ दख्खनमधल्या 1896-97च्या दुष्काळाचा होता, हे लक्षात घेतलं की या निष्कर्षाचं मोल अधिक जाणवतं.

तरीही बार्शी लाइटच्या हिशेबात एक खर्च राहून गेला. अरुंद रूळ टाकून बांधणीचा पैसा वाचला, पण कुर्डुवाडीला ही गाडी मोठ्या रुळांवर जाऊ शकत नव्हती. प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ तिथे उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. हमाली, वेळ, फुटतूट हे सगळं मालाच्या किमतीत बसायचं. कॅलथ्रॉपला याची जाण होती, असं त्याच्या पुढच्या कामावरून दिसतं. 1904 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या तशाच अडीच फुटी रेल्वेत मोठ्या रुळांचे डबे जसेच्या तसे वाहून नेणारे खास वाहक डबे वापरले गेले. बार्शी लाइट 1954 मध्ये सरकारच्या ताब्यात आली, तरी माल एका डब्यातून दुसऱ्यात हलवण्याचा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ तसाच राहिला. दारात माल भरून थेट मुंबईत उतरवणाऱ्या ट्रकपुढे अशा गाडीचा टिकाव लागणं अवघड होतं. 2008 मध्ये कुर्डुवाडी ते लातूर मार्ग रुंद झाला, तेव्हा कुठे बार्शीचा माल डबा न बदलता देशभर जाऊ लागला.

एका जागी वाचवलेला खर्च दुसऱ्या जागी उगवतो, आणि तिथे तो कुणाच्याच वहीत दिसत नाही. आजच्या कारखान्यांतही हेच आढळतं. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या कापड गिरण्यांत एक प्रयोग केला. 17 कंपन्यांचे 28 कारखाने निवडले. त्यातल्या काहींना काही महिने तज्ज्ञांची प्रत्यक्ष मदत दिली, इतरांना फक्त तपासणी आणि सल्ला. काम साधंच होतं: सुताचा साठा नीट लावून त्याची नोंद ठेवणं, मागाची वेळेवर देखभाल, कापडातला प्रत्येक दोष लिहून त्याचं कारण रोज तपासणं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. दोष शोधून दुरुस्त करण्यात जाणारी मजुरी आणि कोपऱ्यात पडून राहिलेलं सूत हे खर्च मालकांना खर्च वाटतच नव्हते. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कुठे व्यवस्थापक बदलला होता, कुठे मालकांना वेळ उरला नव्हता. तरीही मदत मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते.

बार्शी तालुक्यात हाच हिशेब आज फळबागांत मांडला जातो. गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेलं ‘एनएमके-1 गोल्डन’ सीताफळ महाराष्ट्राबाहेरही पोचलं आहे. गोडी आणि कमी बिया हे त्याचे गुण आहेतच, पण झाडावरून काढल्यावर ते गावठी सीताफळापेक्षा जास्त दिवस टिकतं, हा गुण बाजारात फार कामाचा ठरला. लवकर मऊ पडणाऱ्या फळाला जवळचीच पेठ गाठावी लागते, आणि तिथे सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पडतो. टिकणारं फळ दूरच्या शहरात जाऊ शकतं. एका अर्थाने फळाच्या टिकाऊपणानेच वाहतुकीचा खर्च कमी केला.

तेलबिया-कडधान्याच्या शेतकऱ्यापुढे अडचण वेगळी आहे. सोयाबीन किंवा तूर महिनोन्‌महिने टिकते, पण शेतकऱ्याचा पैसा थांबत नाही. सुगीला देणी भागवायची म्हणून तो पडत्या भावात विकतो. भावाची माहिती मिळाल्याने काही फरक पडतो. मध्य प्रदेशात 2000 पासून आयटीसी कंपनीने गावागावांत संगणक बसवून सोयाबीनचे भाव दाखवायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा आसपासच्या मंड्यांत शेतकऱ्यांना मिळणारा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढल्याचं आणि सोयाबीनची लागवडही वाढल्याचं त्यांना आढळलं. मात्र ज्याला आजच पैसे हवेत, त्याला उद्याचा चांगला भाव कळून उपयोग नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून यासाठीच आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने घ्यायची आणि सहा महिन्यांच्या आत भाव पाहून माल विकायचा. तूर ठेवायला आलेल्या शेतकऱ्याने तिथे काट्यापाशी उभं राहून दोन आकडे समोरासमोर मांडायला हवेत: सहा महिन्यांचं व्याज किती होतं, आणि गेल्या काही वर्षांत सुगीपासून उन्हाळ्यापर्यंत तुरीचा भाव किती चढला. बाजार समितीने हे दुसरे आकडे वर्षवार गोदामाच्या दारावर लावले, तर ही योजना वापरायची की नाही हे शेतकऱ्याला स्वतःच ठरवता येईल.